बटण नसलेली पेटी

"फोन बंतेनु?"

सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की आप्पांचा पहिला प्रश्न हा. फोन आला का? चपला काढायच्या आधी, घोटभर पाणी प्यायच्या आधी. मी टेबलावरच्या मोबाइलकडे उगीच एकदा बघायची आणि म्हणायची, "इल्ला, आप्पा." नाही आला. मग ते मान हलवायचे. त्या मान हलवण्यात समाधान किती आणि नाराजी किती, हे मला तिथल्या सबंध नोकरीत कधी नीट उमगलं नाही.

आमचा मुलूख कानडी सीमेवरचा, पण दोघांचीही घरची भाषा मराठी. दिवसभराचं बोलणं, रागावणं, चहा मागणं सगळं मराठीत. हा एवढा एकच सवाल-जबाब कानडीत चालायचा. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "मराठीत इचारलं की मनाला लागतंय गं. कानडीत इचारलं की हापिसातलं काम वाटतंय."

आप्पा कॉम्प्युटर करायचे. म्हणजे आपण घरात ठेवतो तसले नव्हेत. कारखान्यात, भट्टीशेजारी, धुळीत, चुरचुरणाऱ्या वाफेत जे यंत्र भिंतीला गप्प चिकटून असतं आणि उष्णता, वजन, दमटपणा असलं काहीबाही मोजत राहतं, ते. आमच्या शेडजवळच, उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीतून ॲल्युमिनियमची पेटी ओतून यायची, आकाराने मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढी आणि वजनाने पाट्यासारखी. आतला सगळा संसार आप्पा स्वतः मांडायचे. पेटीच्या पाठीवर उभ्या पट्ट्या असायच्या, आतली उष्णता त्यातून बाहेर निघून जावी म्हणून. त्यांना आप्पा सऱ्या म्हणायचे. उचगावातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरा शब्द कशाला सुचेल?

त्या पेटीला पंखा नव्हता. आप्पांच्या आयुष्याचा सगळा अर्थ या एका वाक्यात होता, असं म्हटलं तरी चालेल. तरुणपणी ते दुसऱ्याकडे नोकरीला असताना निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचे. प्रत्येक वेळी तेच. पेटी उघडायची, आत तंबाखूची भुकटी गच्च भरलेली, पंखा गुदमरून बंद पडलेला, आणि उघडणारा माणूस शिंकून शिंकून बेजार. "पंखा वारं घेत न्हाय आत, धूळ घेतोय," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या वैऱ्याचं नाव निघाल्यासारखा भाव यायचा. म्हणून आप्पांच्या पेटीला पंखा नाही, जाळी नाही, भोक नाही. वीज गेली तर दिवसभर तग धरायला आत बॅटरी. आणि बटण नाही.

हो, बटण नाही. चालू-बंद करायचं बटण म्हणजेसुद्धा एक भोकच, असं त्यांचं मत. गिऱ्हाइकांनी विचारलं की बंद कसं करायचं, तर आप्पा खरोखर गोंधळून बघायचे. "बंद कशाला करायचं? बंदच करायचं हाय तर घ्यायलाय कशाला?"

मी हिंडलग्याची. बीकॉम झाले होते, आणि काकू, म्हणजे आप्पांची बायको, माझ्या आईच्या ओळखीची होती. फोन घ्यायला मुलगी पाहिजे एवढंच मला सांगितलं होतं. आप्पांनी माझी मार्कलिस्ट बघितली नाही. चालू असलेल्या एका पेटीकडे बोट करून म्हणाले, "हात ठेव. सोसतंय?" मी हात ठेवला. ऊन खात बसलेल्या दगडासारखी ती गरम होती. "सोसतंय," म्हटलं. "मग ये सोमवारपास्नं." ही माझी मुलाखत.

हात ठेवणं ही त्यांची सवयच होती. शेडमधून येता-जाता प्रत्येक पेटीच्या पाठीवर ते तळवा टेकवायचे, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवते तसा. मोजायची यंत्रं शेडमध्ये होती, पण त्यांचा भरवसा तळव्यावर. "हाताला सोसतंय तवर बरं हाय" हे त्यांचं पालुपद होतं. दुपारी आम्ही सगळे डबे त्या पेट्यांच्या सऱ्यांवर ठेवायचो. जेवायच्या वेळेपर्यंत भाकरी कोमट व्हायची.

पेटी बाहेर पडायच्या आधी तिचे दोन प्रकारे हाल व्हायचे. एक म्हणजे तिला शेडच्या पत्र्यावर उन्हात बसवायचं. एका उन्हाळ्यात काकूंनी त्याच पत्र्यावर सांडगे वाळत घातले, तर आप्पांनी पेट्या जरा सरकवून त्यांना जागा करून दिली आणि संध्याकाळी दोन्हींची चौकशी केली. दुसऱ्यात हाल आमचेच जास्त व्हायचे. निपाणीहून आणलेली तंबाखूची भुकटी एका पत्र्याच्या पिंपात भरायची, आत पेटी ठेवायची आणि खालून वारा सोडायचा. दिवसभर सगळी शेड शिंकत असायची. बसमधून घरी जाताना शेजारची बाई नाकाला पदर लावून विचारायची, "निपाणीची काय गं तू?" मी हिंडलग्याची आहे हे सांगून तिला पटायचं नाही.

घरातही तेच. उन्हाळ्यात आप्पांच्या घरी जायचं जिवावर यायचं, कारण घरात पंखा नव्हता. भिंती जाड, खिडक्या समोरासमोर, वर कौलं, मग पंखा हवाच कशाला, असं त्यांचं गणित. काकूंनी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे एक छोटा टेबलफॅन लपवून ठेवला होता. आप्पा बाहेर गेले की त्या तो लावायच्या. हे वर्षानुवर्षं गुपचूप चाललं आहे असं त्या मला मोठ्या विश्वासाने सांगत होत्या, तेवढ्यात ओट्यावर पाणी प्यायला आलेले आप्पा म्हणाले, "तुझ्या पंख्याचं बेअरिंग कुरकुरायलंय. तेल सोड त्यात." आणि निघून गेले. काकूंनी तेलाची बाटली काढली.

त्यांना माया नव्हती असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण त्यांना एक गोष्ट येत नव्हती. कामाशिवाय बोलणं. त्यांची मुलगी पुण्याला दिलेली. ती सुरुवातीला शेडच्या नंबरवर फोन करायची, कारण आप्पा घरी कमी आणि शेडमध्ये जास्त. मी फोन त्यांच्या हातात द्यायची. "हां, बोल. काय काम?" काम काही नसायचं. "बरं हाय न्हवं सगळं? जावई बरं हायत? मग ठेव की." आणि फोन माझ्याकडे परत. त्यांच्या दृष्टीने हे प्रेमाचंच बोलणं होतं. सगळं बरं आहे म्हणजे पोरगी सुखात आहे, म्हणजे बापाची गरज नाही, म्हणजे बापाने आपलं काम नीट केलं. पलीकडे फोन ठेवणाऱ्या पोरीला काय वाटत असेल, हे मला तिच्या थांबण्यातून कळायचं. ती लगेच ठेवायची नाही. हळूहळू तिने शेडच्या नंबरवर फोन करायचं सोडलं, आणि आईच्या मोबाइलवर करायला लागली. आप्पांनी कधी विचारलं नाही. फक्त सकाळचा "फोन बंतेनु?" जरा लांबत गेला.

तो नंबर आप्पांनी प्रत्येक पेटीवर ओतून घेतला होता. स्टिकर नाही, छपाई नाही. साच्यातच आकडे कोरलेले, त्यामुळे ॲल्युमिनियममधून वर उठून आलेले. बिघाड झाल्यास या नंबरवर कळवा. त्या फोनवर बसायला माझी नेमणूक होती, आणि पेट्या बिघडत नव्हत्या. मी विणकाम शिकले, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला, खिडकीतून उद्यमबागेतली सगळी कुत्री ओळखायला लागले. फोन यायचे ते कर्ज हवं का विचारणाऱ्यांचे. एकदा खरंच एका पेटीची तक्रार आली, तर आप्पा नव्या शर्टात तयार होऊन निघाले. तिथे जाऊन बघतात तर उंदराने बाहेरची वायर कुरतडलेली. ते परत आले तेव्हा उंदराचे गुण गात होते.

मग एक दिवस, तक्रार नाही, बोलावणं नाही, आप्पा म्हणाले, "चल, निपाणीला जाऊन येऊ. पयली पेटी दिलती ती बघून येऊ." हिशोबाच्या कामाला म्हणून मला बरोबर घेतलं. हिशोब कसलाच नव्हता. एकट्याने गेलं तर कामाशिवाय गेल्यासारखं दिसेल, म्हणून मी.

वखारीचा म्हातारा मालक, ज्याने पेटी घेतली होती, तो वारला होता. गादीवर मुलगा होता. आप्पांनी आपलं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. मुलाने नमस्कार केला, चहा मागवला, पण ओळख काही पटली नाही. "ह्या वाटेनं चाललतो, म्हटलं पेटी बघून जावं," आप्पा म्हणाले. कुठली पेटी, हे त्याला समजेना. त्याच्या टेबलावरच्या पडद्यावर वखारीतला दमटपणा किती, उष्मा किती हे आकडे दिसत होते. त्यावर बघून तो रोज माल उलटायचा हुकूम द्यायचा. ते आकडे येतात कुठून, याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

शेवटी एका हमालाने आम्हाला आत नेलं. माल भरलेल्या बोदांच्या थप्पीमागे, भिंतीवर, तंबाखूच्या धुळीने तपकिरी झालेली पेटी होती. हिरवा दिवा तेवढा दिसत होता. आणि पेटीवर वखारीचं मांजर पाय पोटाशी घेऊन झोपलेलं होतं.

"ते व्हय," मालकाचा मुलगा मागून म्हणाला. "ते कशाचं हाय काय म्हाईत न्हाय बघा. बाबांनी लावलेलं. मांजर बसतंय त्याच्यावर थंडीचं."

आप्पांनी मांजराला उठवलं नाही. पेटीची एक कड मोकळी होती, तिथे त्यांनी तळवा टेकवला. मग चहा पिऊन आम्ही निघालो. संकेश्वर मागे पडलं. मग आप्पा म्हणाले, "मांजराला तरी म्हाईत हाय." मला हसू आलं, आणि त्यांच्याकडे बघितल्यावर ते गेलंही.

त्याच वर्षी साखर कारखान्याची ऑर्डर येऊ घातली होती. ती आली तर शेड तरणार होती, नाहीतर नाही. फौंड्रीवाले आता थोड्या पेट्या ओतून द्यायला कुरकुर करायचे, आणि बाजारात बाहेरच्या स्वस्त, पंख्याच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. कारखान्याचे खरेदी अधिकारी स्वतः शेडमध्ये आले. भला माणूस होता. पेटी बघितली, शिंकले, हसले, पसंत केली. अडलं ते एका गोष्टीवर. कारखान्याच्या नियमात वर्षाचा देखभालीचा करार बसवावा लागणार होता. वर्षातून एक-दोनदा कारखान्यात यायचं, पेट्या तपासायच्या, सही करायची.

"तपासायचं काय?" आप्पांनी विचारलं. "आत काय फिरत न्हाय, आत काय शिरत न्हाय. येऊन मी काय करू? पुसून जाऊ?"

"पुसून जावा की आप्पा," अधिकारी म्हणाले. "चहा घ्या, चार माणसांशी बोला, जावा."

"न्हाय. काम नसताना येऊन सही करायची म्हंजे खोटं झालं ते."

"खोटं कसलं त्यात? माणूस येऊन गेला की ध्यानात राहतंय, ही मशीन कुणाची. दुसऱ्या कंपनीची पोरं बघा. त्यांच्या मशिनी सारख्या बंद पडतात, ती सारखी येतात. आमच्या शिपायाच्या पोराच्या बारशालासुद्धा आलती. पुढची मशीन घेताना मग त्यांचंच नाव तोंडात येतंय. तुमची पेटी लई चांगली हाय हो. पण तुमची आठवण यायला काय कारणच देत न्हाय तुम्ही."

मी टेबलामागे बसून होते. मनात म्हणत होते, हो म्हणा, आप्पा. शेडसाठी तर म्हणाच, पण नुसतं त्यासाठी नाही. रोज सकाळी जे विचारता, तेच हा माणूस तुमच्या दारात घेऊन आलाय. वर्षातून एकदा तुमची वाट बघणारी जागा, पोचल्यावर "आलं बघा आप्पा" म्हणणारी माणसं. ते कागदावर लिहून द्यायला आलाय.

आप्पांनी पेटीवर हात ठेवला. "बिघडली तर आडव्या पावसात ईन," ते म्हणाले. "न बिघडता न्हाय येणार."

ऑर्डर पंख्याच्या पेट्यांना गेली. शेड त्यानंतर काही महिने चालली. काकूंनी रागावून बघितलं, रडून बघितलं. मला वाटायचं, मुलीने पुण्याहून एक फोन करून बापाला झापलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. पण तिला कळवलंच नव्हतं. आप्पांची सक्त ताकीद होती, तिला उगीच त्रास नको.

शेडला कुलूप लावायच्या दिवशी त्यांनी तो मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "हा तुझ्याकडं असू दे. नंबर ओतलाय पेट्यांवर. आता काय पुसता येत न्हाय. कुणाचा आला तर उचलाय कोण तरी पायजे." मी म्हटलं, तुमच्याकडेच ठेवा की आप्पा. तर म्हणाले, "नको. घरात वाजला न्हाय तर सारखं ध्यान तिकडंच जाईल."

मला पुढे इथल्याच कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. पर्समध्ये माझा फोन आणि आप्पांचा फोन, असे दोन घेऊन मी हिंडायची. सहकारी बायका चेष्टा करायच्या. अधूनमधून उचगावला जायची. जोत्यावर बसलेले आप्पा लांबूनच विचारायचे, आणि मी चप्पल काढता काढता उत्तर द्यायची. "इल्ला, आप्पा." माझ्याशी आणखी काय बोलायचं हे त्यांना सुचायचं नाही. पण मी उठले की म्हणायचे, "बस की जरा." ते शब्द त्यांच्या तोंडून मी शेडमध्ये कधी ऐकले नव्हते.

आप्पा गेले ते उन्हाळ्यात. छातीत दुखत होतं, पण कुणाला सांगितलं नाही. काकूंनी चेहरा बघून विचारलं तर म्हणाले, "सोसतंय तवर बरं हाय." दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मुलगी पुण्याहून पोचली तोवर सगळं उरकत आलं होतं. ती रडली नाही. माझ्याशेजारी बसून एवढंच म्हणाली, "मला कधी काय सांगितलंच न्हाय गं. बोलवायला पाहिजे होतं एकदा तरी." ते रोज तुमच्या फोनची वाट बघायचे, हे मी सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं की आणखी जड गेलं असतं, हे मला आजही कळत नाही. काकूंनी मात्र घरात वर पंखा लावून घेतला नाही. तो टेबलफॅन डब्यांच्या मागेच आहे.

परवा सुट्टी होती. मी घरी भाजी निवडत बसले होते आणि पर्समधला तो फोन वाजला. कर्जवाला असेल म्हणून जरा सावकाशच उचलला.

"निपाणीहून बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "पेटीवर हा नंबर हाय म्हणून लावला. लागंल असं वाटलं न्हवतं."

आम्ही पेटी बघायला गेलो होतो तीच वखार विकली होती; हा पाडकामाचा मुकादम. नवा मालक ती पाडणार होता. माल गेला, मीटरसुद्धा सकाळी काढून नेलं, पण भिंतीवरच्या त्या पेटीचा दिवा चालूच होता. हमाल तिला हात लावायला तयार नव्हते. "करंट न्हाय तरी जळायलंय म्हंजे काय हाय हे? बंद कसं करायचं मॅडम? सगळीकडनं बघितलं, बटणच न्हाय."

मी म्हटलं, "घाबरू नका. आत बॅटरी आहे. त्यावर जरा हात ठेवून बघता का?"

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"गरम हाय," तो म्हणाला. "लई न्हाय. सोसतंय हाताला."

"मग काही करू नका. बॅटरी संपली की आपोआप बंद होईल. संध्याकाळपर्यंत. तोवर राहू द्या. आणि भंगारात घालू नका. मी येऊन घेऊन जाते."

"तसं करतो. पण मॅडम, ज्यांनी केलंय त्या सायबास्नी एकदा इचारून सांगा की. उगंच काय व्हायला नको."

"विचारते," मी म्हणाले.

फोन ठेवला. भाजी तशीच समोर पडली होती. घरात कुणी नव्हतं, म्हणून मी मोठ्याने सांगितलं.

"बंतु, आप्पा. आला फोन."